दारव्हा ते लंडन: तयारी उलट्या घड्याळानं

तिकिटावर मुंबई–लंडन दहा तास लिहिलेलं असतं आणि घरातले सगळे तेवढंच धरून बसतात. लेकीकडे निघालेल्या आईबाबांनी हिशोब आपल्या दारापासून करावा, तोही शेवटाकडून. विमान दुपारी दोनचं असेल तर मुंबईत सहार विमानतळाच्या टर्मिनल 2 ला, म्हणजे टी-2 ला, अकराला पोचलेलं बरं. त्यासाठी नागपूरहून सकाळी सहाच्या सुमाराचं विमान पाहिजे. त्याला दीड तास लागतो. म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पहाटे चारला हजर. दारव्ह्याहून यवतमाळ, वर्धा करत नागपूर जवळपास 190 किलोमीटर, तेव्हा गाडी रात्री बाराच्या आत गावातून हलली पाहिजे. ड्रायव्हरला दुपारी झोप काढायला सांगा. माझ्या यादीत हे पासपोर्टच्याही वर आहे.

नागपूरचं विमान सांताक्रूझच्या टी-1 ला उतरणार असेल तर तिथून टी-2 ला रस्त्यानं जावं लागतं, हे तिकीट काढतानाच बघा. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर मुंबईत बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. पायी फार चालवत नसेल तर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा; त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नागपूर–मुंबई हवेतून 680 च्या आसपास, पुढं लंडन सुमारे 7,200 किलोमीटर. विमान ताशी नऊशेच्या घरात उडतं, मग आठ तासांत का पोचत नाही? पश्चिमेकडे जाताना उंचावरचा जोरकस वारा समोरून येतो, आणि एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो. परतीला तोच वारा पाठीशी असतो, म्हणून तासभर कमी लागतो. दोनला निघून दहा तासांनी उतरलात तर आपल्याकडे मध्यरात्र, तिथं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. गाव सोडल्यापासून चोवीस तास झालेले असतात. बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या घड्याळानं घ्यायच्या हे डॉक्टरांकडून लिहून आणा. गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, चिठ्ठीसकट. पॉवर बँकही हातातच. सामानात चालत नाही.

आता खरा वाद, खाऊचा. साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मटण-चिकन नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, त्या तेलामुळं पेट घेतात. कुरडया, शेवया, सांडगे, हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट खुशाल न्या, पण पॅकिंग असं करा की तिखट फुटून लुगड्यांना लागणार नाही. लोणचं मोठ्या बॅगेतच जाऊ द्या, हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरच्या वर पातळ काही चालत नाही. वजन घरच्या काट्यावर करून घ्या आणि मर्यादेपेक्षा किलो-दोन किलो कमीच भरा. कापसाच्या वेचणीत तारीख धरली असेल तर वावर आणि ढोरं कोण बघणार हे आधी ठरवा, तिकीट नंतर.

उतरल्यावर विचारतील कुठं, किती दिवस, कोणाकडे. लेकीचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट कागदावर छापून बाबांच्या खिशात एक, आईच्या पर्समध्ये एक. मोबाईलची बॅटरी तोवर संपलेली असते.