लॉकडाऊनमध्ये सोशल मीडियावरून पोषक आहाराचा प्रचार करताय? या चुका टाळा

लॉकडाऊनमध्ये लोकांना आहाराची माहिती कमी पडत नाही, उलट ती नको इतकी होते. फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने या माहितीच्या पुराबद्दल इशारा दिला होता. खरी अडचण वेगळीच असते. दिवसाचं वेळापत्रक कोलमडलेलं असतं, स्वयंपाकघर दहा पावलांवर असतं, दुकानात हवं ते मिळेलच असं नसतं आणि कंटाळा आला की हात डब्याकडे जातो. ‘भाज्या खा’ हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यामुळे तेच सांगणाऱ्या पोस्टला लाइक मिळतात, पण ताटात काही बदलत नाही. असं का होतं आणि ते कसं दुरुस्त करायचं, ते पाहू.

एका पोस्टमध्ये सगळं आरोग्यशास्त्र

सगळ्यात जास्त दिसणारी पोस्ट अशी असते: ‘निरोगी राहा! भाज्या-फळं खा, साखर टाळा, भरपूर पाणी प्या, तळलेलं बंद करा, व्यायाम करा.’ पाच सूचना, पाचही बरोबर, आणि वाचणारा त्यातली एकही करत नाही. कधी करायचं, कुठे करायचं, सुरुवात कशाने करायची, यातलं काहीच तिच्यात नसतं.

हीच पोस्ट अशी लिहून पाहा: ‘आज चारच्या सुमारास चहासोबत काहीतरी तोंडात टाकावंसं वाटेल. त्याआधी, साडेतीनलाच, एक फळ कापून टेबलावर ठेवा. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर, झाकण लावून.’ एकच काम, त्याची वेळ ठरलेली आणि जागाही ठरलेली. बिस्किटं बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही; फक्त फळ हाताशी आलं आणि डबा दूर गेला. घरात बसलेल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यासमोर काय आहे यावर बरंच काही ठरतं.

पोस्ट टाकण्याआधी एक चाचणी घ्या. वाचणाऱ्याने फोन खाली ठेवल्यावर पुढच्या दोन तासांत नेमकं काय करायचं, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर त्या पोस्टच्या तीन पोस्ट करा.

वाचकाच्या घरात जे नाही तेच सांगणं

बाजार अर्धा दिवस उघडा, माल अनियमित, हातात पैसे कमी. अशा वेळी परदेशी फळं आणि महागड्या बियांचे रंगीत वाडगे दाखवले की वाचणारा दोनपैकी एक गोष्ट करतो: पुढे सरकतो, किंवा पोषक खाणं आपल्या ऐपतीबाहेरचं आहे असं ठरवून टाकतो. दुसरं जास्त नुकसानीचं.

प्रत्येक पाककृतीसोबत ‘हे नसेल तर’ अशी ओळ सक्तीची ठेवा. ताजी पालेभाजी नसेल तर गोठवलेली चालते. या भाज्या काढणीनंतर लवकर गोठवलेल्या असतात, त्यामुळे पोषणात त्या ताज्याच्या फार मागे नसतात. ताजी कडधान्यं नसतील तर सुकी किंवा डबाबंद घ्या. डबाबंद कडधान्यातलं पाणी ओतून टाकलं आणि दाणे नळाखाली धुतले की सोडियम सुमारे ४० टक्के कमी होतं. असा बारीक तपशील एखाद्या लांबलचक लेखापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पर्याय सुचवताना सुरक्षिततेची ओळ मात्र गाळू नका. राजमा हे याचं ठळक उदाहरण. ‘भिजवा आणि मंद आचेवर दिवसभर शिजू द्या’ असं सांगणारे व्हिडिओ दिसायला छान असतात, पण राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. मंद आचेच्या भांड्यात तेवढं तापमान येत नाही, आणि अर्धवट तापलेला दाणा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळायचा, असं पोस्टमध्येच लिहा. कमेंटमध्ये नको; कमेंट कोणी वाचत नाही.

एकदाच जास्त रांधून ठेवा असं सुचवणाऱ्यांनी भाताकडे लक्ष द्यावं. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस हा जीवाणू वाढतो. त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे शब्द

महासाथीच्या काळात सगळ्यात जास्त खपणारा मथळा हाच असतो, आणि तोच सगळ्यात धोक्याचा. चांगला आहार शरीराचं नेहमीचं काम नीट चालू ठेवतो, कमतरता असेल तर ती भरून काढतो. एखादा पदार्थ खाऊन संसर्ग टळतो असं मात्र नाही. लसूण खाल्ल्याने कोविडपासून बचाव होतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं होतं. तरीही मथळ्यात ‘बचाव’ हा शब्द ठेवायचा मोह होतो, कारण तशी पोस्ट पळते.

तिचा परिणाम असा होतो की माणूस लसूण खातो आणि मास्क काढून ठेवतो. कधी परिणाम याहून वाईट होतो. दारूने विषाणू मरतो या अफवेपायी २०२० मध्ये इराणमध्ये मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं दगावली.

गोळ्यांबद्दल लिहायचंच असेल तर वरची मर्यादाही लिहा. अमेरिकेत प्रौढांसाठी ठरवलेल्या रोजच्या कमाल मर्यादा अशा आहेत: जीवनसत्त्व ‘ड’ १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ४००० आययू (गोळ्यांच्या पाकिटावर दिसणारं आंतरराष्ट्रीय एकक), जीवनसत्त्व ‘क’ २००० मिलिग्रॅम, जस्त ४० मिलिग्रॅम. ‘क’ जास्त झालं तर पोट बिघडतं, ‘ड’ दीर्घकाळ जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि जस्ताच्या अतिरेकाने शरीरातलं तांबं कमी होतं. ‘घेतलं तर नुकसान काही नाही’ हे वाक्य म्हणूनच लिहू नये.

अफवा खोडताना तीच पसरवणं

हेतू चांगला, हात मात्र अफवेलाच लागतो. व्हायरल मेसेजचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावर लाल अक्षरांत ‘खोटं’ लिहायचं आणि टाकून द्यायचा, ही पद्धत फसते. पुढे कोणीतरी ते चित्र कापतं, लाल शिक्का कडेला जातो, आणि तुमच्याच पानावरून निघालेला खोटा मेसेज नव्याने फिरू लागतो. चित्र कोणी कापलं नाही तरी घाईत स्क्रोल करणाऱ्याच्या लक्षात मोठ्या अक्षरातला दावाच राहतो.

क्रम बदला. आधी खरं काय ते, साध्या वाक्यात आणि मोठ्या अक्षरात. मग एका ओळीत, अवतरणात न टाकता, कोणती समजूत फिरते आहे ते. मग ती चूक का, आणि शेवटी पुन्हा करायची कृती. उदाहरणार्थ: ‘भाज्या-फळं वाहत्या साध्या पाण्याखाली चोळून धुवा. साबण किंवा ब्लीचने धुण्याचा सल्ला फिरतो आहे. साबण आणि ब्लीच खाण्यासाठी बनवलेले नसतात. सालीतून, चिरांतून आत राहतात आणि पोटात जातात. नळ, हात, स्वच्छ फडकं, एवढं पुरे.’ हा प्रश्न किरकोळ नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या ५०२ प्रौढांच्या पाहणीत सुमारे १९ टक्के लोकांनी खाद्यपदार्थांवर ब्लीच वापरल्याचं सांगितलं होतं.

मूळ मेसेज दाखवावाच लागला तर त्याच्या अक्षरांवरूनच आडवी जाड पट्टी मारा, म्हणजे तो कापून वेगळा काढता येणार नाही.

‘थोडंसं’, ‘चवीपुरतं’, ‘कमी’

मीठ कमी खा, हे वाक्य प्रत्येकाला शेजाऱ्यासाठी लिहिलंय असं वाटतं. आकडा द्या: प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पाकिटातलं मीठही धरलेलं. पाकिटावर बहुधा सोडियम लिहिलेलं असतं, त्याला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. पाकीट हातात घेऊन हा गुणाकार करून दाखवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ बनवा.

भाज्या-फळांचं प्रमाण दिवसाला किमान ४०० ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅमचे पाच भाग. वजनकाटा सगळ्यांकडे नसतो, तेव्हा एकदा मोजून तेवढी भाजी वाटीत कुठवर येते ते दाखवा. फळांचा रस मात्र साखरेच्या हिशेबात धरा. रसातली साखर मुक्त साखर (म्हणजे कमी ठेवायला सांगतात ती) मानली जाते, अख्ख्या फळातली नाही.

वजनावरचे विनोद

लॉकडाऊनमध्ये सुटलेल्या पोटाचे मीम चालतात, म्हणून प्रचारातही घुसतात. ते काढून टाका. खाण्याशी आधीच झगडणाऱ्या माणसाला एकटेपणात हेच टोचतं आणि पुढचं चक्र उपाशी राहणं व मग भरमसाट खाणं असं सुरू होतं. ‘आधी-नंतर’चे फोटो, खाल्लेल्या उष्मांकांची शिक्षा म्हणून व्यायाम, ‘पाप’ आणि ‘चीट’ हे शब्द, सगळं बाद.

पोस्ट दिसत नाही, वाचता येत नाही

यात बऱ्याच तक्रारींचं मूळ तांत्रिक असतं. व्हॉट्सॲपवर चित्राची गुणवत्ता घटते, त्यामुळे बारीक अक्षरं पुसट होतात. एका चित्रावर वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा. पिवळ्यावर पांढरं लिहिणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. इन्स्टाग्राम स्टोरीसाठी १०८० × १९२० पिक्सेलचं चित्र घेतलं तर वर-खाली साधारण २५० पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर नाव आणि उत्तराची चौकट मजकुरावर बसते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, आणि पहिल्या एक-दोन ओळींनंतरचा मजकूर दडतो. म्हणून कृती पहिल्याच ओळीत. व्हिडिओला मराठी अक्षरपट्टी (सबटायटल) हवीच, कारण भरल्या घरात पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच मेसेज अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची यादी) मेसेज जातच नाही अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक एकच: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही. ‘खूप वेळा फॉरवर्ड केलेला’ मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. त्यामुळे साखळी फॉरवर्डवर प्रचाराची भिस्त ठेवू नका.

वेळेचं म्हणाल तर जेवणाची पोस्ट रांधायच्या दीड-दोन तास आधी. जेवून झोपायला निघालेल्याला पाककृती पाठवून काय उपयोग?

कमेंटमध्ये डॉक्टर होणं

‘मला मधुमेह आहे, मी काय खाऊ?’ याला आहाराचा तक्ता देऊ नका. कमी सोडियमचं मीठ सर्वांना सुचवणं निरुपद्रवी वाटतं, पण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा: सर्वसाधारण माहिती इथे मिळेल, तुमच्या औषधांसकट सल्ला तुमच्या डॉक्टरकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून घ्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध चालेल का, याचं उत्तर मात्र थेट ‘नाही’ असंच द्या, कारण बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

लाइकवरून यश मोजणं

लाइक म्हणजे ‘पाहिलं, आवडलं’. सेव्ह म्हणजे ‘करून बघेन’. शेअर म्हणजे ‘हिला पाठवतो’. २००० जणांपर्यंत पोचलेली पोस्ट ६० जणांनी सेव्ह केली तर ते ३ टक्के. हा आकडा पोस्टगणिक लिहून ठेवला की कोणता विषय घरात शिरतो ते दिसू लागतं.

याहून चांगला उपाय साधा आहे. मोहीम सुरू करण्याआधी स्टोरीवर एक प्रश्न टाका: ‘काल किती वाट्या भाजी खाल्ली? ०, १, २, ३ किंवा जास्त.’ दर आठवड्याला त्याच वारी, त्याच शब्दांत तोच प्रश्न. शब्द बदललेत तर तुलना गेली. शिवाय उत्तर देणारे बहुतेक आधीच आवड असलेले असतात, तेव्हा मिळालेला आकडा सगळ्या अनुयायांचा समजू नका. चार आठवडे ‘०’वाल्यांचा वाटा हललाच नाही, तर पोस्टची संख्या वाढवण्याआधी त्यातल्या काहींना खासगी संदेश करून विचारा: भाजी मिळत नाही, परवडत नाही, करायला येत नाही, की घरात दुसरं कोणी खात नाही? चारही कारणांना वेगळी पोस्ट लागते.