जुन्या गाडीत एबीएसचा दिवा पेटलाय? या चुका टाळा

एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिचा पिवळा दिवा पेटला की लोक आधी चाकाचा वेग मोजणारा नवा सेन्सर मागवतात आणि तो बसवूनही दिवा तसाच राहिला की मग विचारत सुटतात. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर सी००३५ हा कोड आला म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सरच गेला, असं कुणी सांगितलं? कोड त्या सर्किटबद्दल असतो. त्यात सेन्सर आला, वायर आली, कनेक्टर आला. आणि स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात. त्यावर काही दिसलं नाही म्हणजे एबीएस ठणठणीत, असा अर्थ काढू नका.

एका मित्राच्या गाडीत दिवा फक्त वळणावर पेटायचा. पठ्ठ्याने एकामागून एक सेन्सर बदलले, मल्टिमीटर मात्र एकदाही लावला नाही. त्या गाडीत सेन्सरचा कनेक्टर चाकापाशीच आणि तिथून बॉडीकडे जाणारी वायर वेगळी. गाडी जॅकवर नव्हे, नीट स्टँडवर घेतली आणि वायरच्या बॉडीकडच्या टोकाला मीटर लावला. हजाराच्या वर ओहम, रीडिंग स्थिर. मग कुणाला तरी स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवायला लावलं, आणि रीडिंग गायब! शॉकअपजवळच्या क्लिपपाशी वायर वरून धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं. तेव्हापासून मी मीटर लावला की वायर हलवून, वाकवून बघतोच. उभ्या गाडीत, न हलवता घेतलेल्या रीडिंगवर माझा काडीचा विश्वास नाही.

ही ओहमची तपासणी फक्त जुन्या, दोन वायरींच्या, कॉइलवाल्या सेन्सरला. चाक हाताने फिरवलं की तो एसी व्होल्टेज थोडं तरी दाखवतो. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे चालायला वीज लागणारा सेन्सरही दोन वायरींचा असू शकतो आणि ओहममीटरने तो बिघडू शकतो. त्यामुळे आधी कोणता आहे ते बघा.

दुसरी माझी आवडती चूक. थांबता थांबता, वेग दहा-पंधरावर आला की ब्रेकचं पेडल घरघरतं, दिवा पेटतोच असं नाही, आणि लोक पॅड आणि डिस्क बदलत बसतात. अहो, चाकासोबत फिरणारी ती दातेरी रिंग बघा, जिचे दात सेन्सर वाचतो! खाली गंज फुगला की ती तडकते, मग त्या फटीपाशी सिग्नल चुकतो आणि एबीएसच्या कंट्रोलरला वाटतं चाक लॉक होतंय. टॉर्च घेऊन चाक हळूहळू पूर्ण फिरवा, तडा एखाद्या दातापाशीच असतो. सेन्सरच्या बैठकीखालचा गंजही घासून काढा, नाहीतर सेन्सर वर उचलला जातो, अंतर वाढतं आणि कमी वेगात सिग्नल मरतो. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

एबीएसचा फ्यूज काढून घरघर थांबवणं हा निदानाचा मार्ग, दुरुस्ती नाही. दिव्याचा बल्बच काढणाऱ्यांशी मी बोलत नाही.

वेगवेगळ्या मापाचे टायर, ढिलं बेअरिंग, उतरलेली बॅटरी: हे आधी बघा, फुकटात होतं.

पिवळ्यासोबत लाल दिवाही पेटला तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल बघा. दोन्ही ठीक असतील तर मागच्या चाकांचा ब्रेक-ताबाही गेलेला असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

आणि दुरुस्ती झाल्यावर दिवा लगेच गेला नाही म्हणून पुन्हा खोलायला बसू नका. बऱ्याच गाड्यांत कंट्रोलर थोडं अंतर चालून चाकांचे सिग्नल तपासतो, मगच दिवा विझवतो.