जपानीची शिकवणी लावताय?

पुण्यात जपानीची खासगी शिकवणी लावणार असाल, तर हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या आधी घरीच गिरवून घ्या. मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. त्यासाठी तासाचे पैसे कशाला मोजायचे? शिक्षकांचा वेळ बोलण्यासाठी वापरा. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ या सर्वांत सोप्या पातळीपासून एन१ या सर्वांत अवघड पातळीपर्यंत कुठेच तोंडी परीक्षा नसते, म्हणून एन३ झालेली मंडळीही जपानी माणसासमोर गप्प होतात. शिक्षकांची पातळी विचाराच, पण एक तास बसून ते तुम्हाला किती बोलू देतात तेही बघा. जपानीत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं. तेव्हा व्याकरण इंग्रजीतून नको, सरळ मराठीतून समजावून मागा. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, अर्ज मात्र काही महिने आधीच भरावा लागतो.