एका तारखेचं ठाणं: आपल्या गावाचा दिनविशेष स्वतः कसा बनवायचा

१६ एप्रिल म्हटलं की कुठलाही ठाणेकर झोपेतसुद्धा सांगेल, १८५३, बोरीबंदर ते ठाणे, पहिली गाडी. पण त्याच १६ एप्रिलला बाकीच्या वर्षांत आपल्या गावात काय झालं हे विचारलं तर सगळे गप्प. म्हणून सांगतोय, एक तारीख धरा (स्वतःचा वाढदिवस घ्या, कंटाळा येत नाही) आणि ती सगळ्या वर्षांमधून शोधत जा. वर्षावर्षाचा इतिहास वाचताना राजे आणि लढाया भेटतात, एकाच तारखेच्या मागे लागलात की शाळा, तलाव, गिरण्या, संप, पूर सगळं एका रांगेत येऊन उभं राहतं.

आधी ठरवा की घटना गावात घडलेली हवी. हे सोपं वाटतं पण इथेच सगळे घसरतात. अनंत कान्हेरेंनी नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात, ती तारीख नाशिकची. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे, तिघांना फाशी झाली १९ एप्रिल १९१० ला आपल्या ठाण्याच्या जेलमध्ये, म्हणजे ही तारीख आपली, आणि ती आपणच नीट लिहायला हवी कारण आजही स्टेशनकडून त्या बाजूला जाणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं की हा जेल म्हणजेच जुना किल्ला.

आता शोधायचं कुठे. पहिलं, १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर (सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ), नेटवर फुकट मिळतं, इंग्रजी आहे पण मोबाईलवर वाचता येतं. दुसरं, मराठी ग्रंथसंग्रहालय, जे स्वतःच १ जून १८९३ ला सुरू झालंय, तिथे जाऊन नुसतं "जुनं काहीतरी दाखवा" म्हणू नका, महिना आणि साल सांगून मागा. तिसरं आणि माझं सगळ्यात आवडतं, स्मरणिका. शाळांच्या, गणेश मंडळांच्या, पतपेढ्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लोक रद्दीत टाकतात आणि त्यातच शेवटच्या पानांवर, जाहिरातींच्या मधे, कोणी कधी काय बांधलं ते तारखेसकट छापलेलं असतं.

कोनशिला मात्र जाऊन बघाच. बऱ्याच कोनशिलांवर ऑइलपेंटचे थर बसलेले असतात, समोरून फोटो काढला तर सपाट भिंत दिसते. मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी बाजूने, जवळजवळ चिकटवून धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि १९३ च्या पुढचा आकडा २ आहे की ३ ते कळतं. खरवडू नका, चुना लावू नका. आणि त्यावरची तारीख भूमिपूजनाची आहे की उद्घाटनाची ते वाचा, दोन्हींत कधीकधी पाच-पाच वर्षं जातात.

पेपरचं एक लक्षात ठेवा, दैनिकात आजच्या तारखेला कालची बातमी असते आणि साप्ताहिकात "गेल्या बुधवारी" असं असतं, तर वार मोजून मागे जायचं. वार ही फार चांगली परीक्षा आहे. १६ एप्रिल १८५३ ला शनिवार होता, कुठल्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमध्ये सोमवार दिसला तर तो मजकूर तिथेच सोडा. त्याच फॉरवर्डमध्ये "देशातली पहिली रेल्वे" असंही असतं, तेही दुरुस्त करा, मालगाडी मद्रासकडे रेड हिल्सला १८३७ मध्येच चालली होती, आपली पहिली *प्रवासी* गाडी. एवढ्या एका शब्दाने ठाण्याचा मान कमी होत नाही.

१७५२ च्या आधी गेलात तर खरी डोकेफोड आहे. १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, त्याचे कागद तीन प्रकारचे: मराठी कागदात तिथी, पोर्तुगीज कागदात आजच्यासारखी तारीख, आणि मुंबईतले इंग्रज तेव्हा, म्हणजे १७५२ पर्यंत, जुनं कॅलेंडर वापरायचे जे ११ दिवस मागे होतं. त्यामुळे एकच दिवस दोन तारखांना सापडतो आणि लोक दोन घटना झाल्या असं समजून बसतात. अशा वेळी तिथीची तारीख जंत्रीवरून (जुन्या तिथी-तारखांचं पुस्तक) काढायची आणि शेजारी लिहायचं की तारीख कुठल्या कॅलेंडरची.

महिन्याच्या एक तारखेला जास्त भुलू नका. १ ऑक्टोबर १९८२ ठाणे महापालिका, १ जानेवारी १९९२ नवी मुंबई महापालिका, १ ऑगस्ट २०१४ पालघर वेगळा जिल्हा, सरकारला एक तारीख आवडते. लिहा, पण एका ओळीत.

नवी मुंबईवाल्यांनो, "आमच्याकडे इतिहास कुठे" म्हणू नका. १७ मार्च १९७० ला सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) झाली हे सगळ्यांना पाठ आहे, पण १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या आंदोलनात उरण भागात गोळीबार झाला आणि पाच जण गेले, जासईला दरवर्षी त्यांना अभिवादन होतं, हे सेक्टरमध्ये राहणाऱ्या किती जणांना माहीत आहे? जुन्या गावठाणांत जाऊन आजीआजोबांशी बोला. ते तारीख सांगणार नाहीत, "गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी" असं सांगतील, ते तसंच लिहून घ्या आणि त्या सालचं कॅलेंडर शोधून तारीख बसवा. साल आठवत नसेल तर "२६ जुलैच्या पुराआधी की नंतर", "मोठा मुलगा शाळेत जायला लागला होता का" असं विचारायचं. जत्रा तिथीने असतात, त्या तारखेत कोंबू नका, वेगळा रकाना करा.

एक साधी शीट पुरते: साल, काय झालं, कुठे, पुरावा काय, किती खात्री. पुरावा नसलेली ओळ पिवळी करून ठेवा पण पोस्ट करू नका. बरीच सालं रिकामी राहतील, राहू द्या. मग एक पान छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावा, खाली लिहा "तुमच्याकडे या तारखेचा फोटो, पत्रिका, पावती असेल तर दाखवा", आणि कोणी आलं तर वस्तू घेऊन जाऊ नका, त्यांच्यासमोर फोटो काढून मागच्या बाजूचाही काढा, कारण फोटोग्राफरचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेली तारीख बहुतेक वेळा मागेच असते.