नाण्यांसाठी मायक्रोस्कोप आणि कॅमेरा निवडताना: सोलापूरच्या एका संग्राहकाचा अनुभव

नाणी जमवायला नुकती सुरुवात केलेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एक्सचा मायक्रोस्कोप घेऊ?" मी उलट विचारतो, नाण्यात तुम्हाला बघायचंय काय? कारण यंत्र त्यावरच ठरतं.

हल्लीच्या रुपयावर सालाखालचं टाकसाळीचं चिन्ह बघायचं असेल, म्हणजे मुंबईचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका की काहीच नसलेलं कोलकात्याचं नाणं, तर १० एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, चांगलं ट्रिपलेट (तीन काचा जोडलेलं) भिंग पुरेसं आहे. सराफ वापरतात तसलं, घडीचं. आपल्या सोलापुरात तर यंत्रमागवाल्यांच्या घरी कापडाचे धागे मोजायची पिक ग्लास सापडतेच. तिची ताकद कमी असते, पण ती नाण्यावर आपली आपण उभी राहते, दोन्ही हात मोकळे राहतात. सुरुवातीचे काही महिने एवढ्यावरच काढावेत असं माझं स्पष्ट मत आहे. डोळा तयार झाला की आपल्याला नेमकं काय दिसत नाही हे कळायला लागतं आणि मग खरेदी चुकत नाही.

मायक्रोस्कोपची खरी गरज लागते ती नाणं ठोकून पाडलेलं आहे की ओतून बनवलेलं, हे तपासताना. २० ते ४० एक्सला ओतीव नकलेच्या सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे दिसतात, अक्षरांचा पाया विरघळल्यासारखा मऊ दिसतो आणि कडेला कधी कधी साच्याच्या जोडाची रेघ सापडते. यंत्रावर पाडलेल्या नाण्यात दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो, त्या सरकण्याच्या बारीक रेषा अक्षरांभोवती आणि कडेकडे जाताना दिसतात. चिंच किंवा राख लावून घासलेलं नाणंही इथेच उघडं पडतं: एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. म्हणून कळकळीने सांगतो, नाणं घासू नका. गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

आता प्रकार. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला कंपाउंड मायक्रोस्कोप स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याचा प्रकाश खालून येतो आणि नाण्यातून प्रकाश आरपार जात नाही. त्याचं भिंग वस्तूला जवळजवळ टेकतं, प्रतिमा उलटी दिसते. नाण्याला हवा स्टिरिओ मायक्रोस्कोप. दोन डोळ्यांनी बघायचं, खोली कळते, प्रतिमा सुलटी. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे भिंग आणि नाणं यांच्यात साधारण १०० मिलिमीटर मोकळी जागा राहते. त्या जागेतून दिवा आडवा टाकता येतो, बोटांनी नाणं फिरवता येतं.

७ ते ४५ एक्स झूमचा स्टिरिओ हा आपल्या कामाचा. मात्र घेण्याआधी एक हिशेब करा. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, फील्ड नंबर लिहिलेला असतो. तो २० असेल आणि सर्वांत कमी झूम ०.७ असेल (१० एक्सच्या आयपीसमधून तेच ७ एक्स होतं), तर २० भागिले ०.७, म्हणजे सुमारे २८.५ मिलिमीटरचा गोल दिसतो. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते मावतं. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, मावते. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ३०.५ मिलिमीटरचा, तो मावत नाही. त्यासाठी खाली लावायचं ०.५ एक्सचं जादा भिंग मिळतं, त्याने दिसणारं वर्तुळ दुप्पट होतं आणि मोकळी जागाही बरीच वाढते. फक्त तेव्हा मायक्रोस्कोपचं डोकं बरंच वर न्यावं लागतं, म्हणून स्टँडचा खांब तेवढा उंच आहे का ते दुकानातच बघून घ्या.

यूएसबी मायक्रोस्कोपच्या खोक्यावर १००० एक्स छापलेलं असतं. तो आकडा पडद्याच्या आकारावर फुगवलेला असतो, त्यावर जाऊ नका. ओळखीपुरता फोटो पाठवायला हे यंत्र ठीक आहे, पण त्याचे दिवे भिंगाभोवती गच्च बसवलेले असतात आणि चांदीच्या नाण्यावर त्यांचीच पांढरी टिंबं उमटतात. दिवे हलवता येत नाहीत, तिथे गाडी अडते.

प्रकाशावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण नाण्याच्या फोटोत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. मायक्रोस्कोपबरोबर गोल रिंग लाइट येते. ती सगळीकडून सारखा उजेड टाकते, त्यामुळे उंचवट्यांच्या सावल्या मरतात आणि नाणं सपाट दिसतं. झिजलेली शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', पण बहुतेक नाण्यांवर ठसा चकतीपेक्षा मोठा होता, म्हणून काही अक्षरं मुळातच कापलेली असतात आणि उरलेली घासून गेलेली. रिंग लाइटखाली नुसता तांब्याचा गोळा दिसतो. तो दिवा बंद करा, वाकणाऱ्या मानेचा एकच एलईडी दिवा टेबलाच्या जवळजवळ पातळीवर आणा आणि नाणं हळूहळू फिरवा. एका कोनात 'छ'ची गाठ उठून येते, आणखी थोडं फिरवलं की 'त्र'चा तिरपा फराटा. फोटो त्याच क्षणी काढायचा. एकाच नाण्याचे दोन-तीन कोनांतले फोटो ठेवले तर वाचन पक्कं होतं.

चांदीच्या चकचकीत रुपयाचं गणित उलटं. त्याला मी ४५ अंशात धरलेली पातळ स्वच्छ काच वापरतो. दिवा बाजूने, मधे काच, खाली नाणं. काचेवरून प्रकाश सरळ खाली पडतो, नाण्यावरून परत वर येतो आणि काचेतून भिंगात जातो. सपाट भाग उजळतो, उतार काळे पडतात, अक्षरं कोरल्यासारखी दिसतात. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड उभं करा, नाहीतर खोलीतलं प्रतिबिंब फोटोत येतं. चकाकी घालवायला पोलरायझर घ्यायचा सल्ला कोणी देईल, पण धातूवरच्या चकाकीला तो एकटा फारसा उपयोगी पडत नाही. ट्रेसिंग पेपरचा पडदा दिव्यासमोर धरलात तर जास्त फायदा होईल.

आता कॅमेरा. तिसरी नळी असलेला ट्रायनॉक्युलर घेतलात तर कॅमेरा कायमचा बसवता येतो. बऱ्याच मॉडेलमध्ये दांडी ओढली की एका डोळ्याचा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळतो. साध्या दोन नळ्यांच्या यंत्रावर आयपीस काढून तिथे कॅमेरा लावता येतो, पण असे कॅमेरे सहसा २३.२ मिलिमीटरच्या नळीसाठी असतात आणि स्टिरिओची नळी ३० किंवा ३०.५ मिलिमीटरची असते, तेव्हा जोडरिंग मागून घ्या. शिवाय डोळ्याला दिसतं तेवढं कॅमेऱ्याला दिसत नाही. लहान, १/२.५ इंची सेन्सर आणि ०.५ एक्सचा अडॅप्टर (कॅमेरा आणि नळी यांच्यामधलं भिंग) धरला तर सर्वांत कमी झूमलाही जेमतेम १६ बाय १२ मिलिमीटरचा तुकडा फोटोत येतो. शिवराईसुद्धा पुरी मावत नाही!

म्हणूनच पूर्ण नाण्याचा फोटो आणि बारकाव्यांचा फोटो ही दोन वेगळी कामं धरा. पूर्ण नाण्यासाठी जुना डीएसएलआर आणि ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स उत्तम. लेन्स परवडत नसेल तर जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी करा. डार्करूम बंद झाल्या, एनलार्जर, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायची यंत्रं, माळ्यावर पडून आहेत. एका स्टुडिओवाल्या काकांनी मला त्यांचा एनलार्जर देताना एवढंच म्हटलं, "न्हे बाबा, तुझ्या तरी कामाला येईल." त्याचा उभा खांब म्हणजे कॅमेरा खाली तोंड करून धरणारा आयता कॉपी स्टँड, आणि त्याची ५० किंवा ७५ मिलिमीटरची लेन्स बेलोजवर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधल्या घडीच्या भात्यावर) लावली की नाण्यासारख्या सपाट वस्तूला फार सुरेख चालते. अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८ ठेवा. एफ १६ला गेलात की सगळं थोडं मऊ पडतं. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, बटणाला फोटो काढताना हात नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्यांसाठी खास सूचना. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर थरथर जमिनीतून टेबलात येते. डोळ्याला ती कळत नाही, पण ३० एक्सला अक्षरांच्या कडा दुहेरी येतात. स्टँडखाली जाड शहाबादी फरशी आणि तिच्याखाली रबराची चादर ठेवल्यावर माझे फोटो सुधारले. तरीही बारीक काम मी माग बंद असतानाच करतो. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर स्वस्त एलईडीचा दोष असण्याची शक्यता जास्त. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा.

सूक्ष्मदर्शकं बनवणारे बरेच कारखाने हरियाणातल्या अंबाल्यात आहेत, पुण्या-मुंबईचे विक्रेतेही तिथला माल ठेवतात. शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन घ्या आणि खिशात आपलं एक नाणं न्या. सर्वांत जास्त झूमवर फोकस करा, मग झूम पूर्ण खाली आणा. प्रतिमा धूसर झाली तर जुळवणी बिघडलेली आहे. दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा ताण न देता एकत्र यायला हव्यात. पाच मिनिटं बघून कपाळ जड झालं तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी सोडा. जुन्या यंत्रात टॉर्च मारून भिंगात बुरशीचे धागे आहेत का बघा. आणि डोकं वर नेऊन हात सोडा: ते आपणहून खाली सरकत असेल तर फोकसचा स्क्रू आवळून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.