‘ही’, ‘बे’, ‘तरी’, ‘बस’: छोट्या शब्दांबाबतच्या या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाची हिंदी सूचना मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. मूळ वाक्य होते, ‘छात्र ही प्रवेश पा सकेंगे’. रात्री उशिरा, हातासरशी मी लिहून टाकले, ‘विद्यार्थीही प्रवेश घेऊ शकतील’. दुसऱ्या दिवशी दाराशी विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे काका, मामा आणि शेजारीही हजर झाले, आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते, कारण माझ्या वाक्याने त्यांना बोलावलेच होते. हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘च’, आणि मराठीतला ‘ही’ म्हणजे हिंदीतला ‘भी’. ‘फक्त विद्यार्थी’ असे म्हणायचे असताना मी ‘विद्यार्थीसुद्धा’ असे म्हणून बसलो होतो.

नागपुरात ही चूक होण्याचा धोका जरा जास्तच आहे. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. कचेरीत हिंदी आणि मराठी शेजारी-शेजारी नांदल्या, आणि बाजारात तर आजही एकाच वाक्यात दोन्ही येतात. मोठे शब्द आपण अनुवाद करताना तपासतो, छोटे मात्र ओळखीचे वाटतात म्हणून तसेच उचलतो. उपाय साधा आहे. हिंदी वाक्यातल्या ‘ही’च्या जागी मनात ‘च’ ठेवून वाक्य मोठ्याने वाचावे. शिवाय अंतराकडे लक्ष द्यावे: हिंदीत ‘ही’ सुटा लिहितात, मराठीत तो शब्दाला जोडून येतो. मराठीत तो सुटा राहिला, तर ‘विद्यार्थी ही’ यातला ‘ही’ वाचकाला ‘ही मुलगी’ यातल्या दर्शक सर्वनामासारखा दिसतो आणि वाक्य अडखळते.

लिहिण्यातली दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची आहे. ‘तो म्हणाला कि’ असे इथे सर्रास लिहिले जाते, कारण हिंदीत ‘कि’ आणि ‘की’ हे दोन वेगळे शब्द आहेत: पहिला वाक्ये जोडतो आणि दुसरा ‘राम की बहन’ असा संबंध दाखवतो. मराठीला हा भेद करण्याची गरजच नाही. आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा इकार सामान्यतः दीर्घ लिहितात, म्हणून ‘तो म्हणाला की’ आणि ‘चहा की कॉफी’ या दोन्ही ठिकाणी ‘की’ दीर्घच. याला ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद आहेत, आणि नेमका तिथे उलटा घोळ होतो. ‘मी नि तू’ यातला ‘नि’ म्हणजे ‘आणि’, तो ऱ्हस्व. ‘त्यांनी’ यातला ‘नी’ हा विभक्तीचा प्रत्यय, तो दीर्घ. शंका आली तर तिथे ‘आणि’ बसतो का ते पाहावे.

यापेक्षा अवघड चूक व्युत्पत्तीची. दोन शब्द सारखे दिसले की ते एकाच घरचे असतील असे आपण गृहीत धरतो. ‘बे’ घ्या. पाढ्यातला ‘बे एके बे’ हा संस्कृत ‘द्वे’ प्राकृतातून झिजत आलेला आहे, आणि गुजरातीत आजही दोनला ‘बे’च म्हणतात. ‘बेफिकीर’, ‘बेकायदा’, ‘बेसुमार’ यांतला ‘बे’ फारसी असून त्याचा अर्थ ‘विना’. आणि आपल्या गल्लीतला ‘काय बे’ हा हिंदी ‘अबे’चा सख्खा भाऊ, त्याचा ना दोनाशी संबंध, ना उणेपणाशी. हा तिसरा ‘बे’ बरोबरीच्या मित्राला चालतो, वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘काय जी’, ‘हो जी’ असेच म्हणावे लागते. बाहेरून आलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात ‘बे’ उत्साहाने शिकतात आणि घरमालकावर त्याचा प्रयोग करतात. ही चूक व्याकरणाची नाही, पण महागात पडू शकते.

‘पण’ या शब्दात तर तीन वेगवेगळे प्रवाह येऊन मिळाले आहेत. ‘घर मोठे पण जुने’ यातला ‘पण’ संस्कृत ‘पुनः’पासून आला. ‘पण लावला’ यातला ‘पण’ म्हणजे पैज. तो संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आहे. आणि ‘मोठेपण’, ‘लहानपण’ यांतला ‘पण’ वैदिक ‘त्वन’ या प्रत्ययाचा झिजलेला अवशेष आहे. इथे अंतराची चूक अर्थ बदलते: ‘त्यांचे मोठे पण’ असे तोडून लिहिले की वाचक पुढच्या ‘परंतु’ची वाट पाहत राहतो. पडताळा बदली शब्दाचा: जिथे ‘परंतु’ किंवा ‘सुद्धा’ बसतो तो सुटा ‘पण’, जिथे ‘पैज’ बसते तो नाम, आणि जिथे यांतले काहीच बसत नाही तो प्रत्यय, म्हणून जोडून.

याच जातीचा एक खास नागपुरी नमुना सकाळच्या टपरीवर दिसतो. फळ्यावर खडूने ‘तरी पोहे’ असे लिहिलेले असते, आणि पुण्याहून आलेल्या माझ्या एका मित्राने ते वाचून शांतपणे विचारले होते, ‘तरी पोहे, म्हणजे आधी काय झाले?’ त्याचा ‘तरी’ उभयान्वयी अव्यय होता. फळ्यावरचा ‘तरी’ म्हणजे तर्री, हरभऱ्याच्या रश्श्यावर तरंगणारा तो लाल तिखट तवंग. हा हिंदीतून आला, आणि त्याच्या मुळाशी फारसी ‘तर’ म्हणजे ओला, भिजलेला हा शब्द आहे. ‘तरबतर’ मध्येही तोच आहे. आपले ‘जर-तर’ यांच्याशी त्याचे नाते नाही. (जरतारी साडीतला ‘जर’ही ‘जर-तर’मधला नव्हे, तो फारसीत सोने.) फळ्यावर ‘तर्री’ असे लिहिले की प्रश्न मिटतो, म्हणून इथे जोडाक्षराचा आळस करू नये.

‘बस’चे उदाहरण मला सगळ्यांत आवडते. ‘बस, आता बसमध्ये बस’ या वाक्यात तीन भाषांचा इतिहास आहे. पहिला ‘बस’ फारसी, ‘पुरे’. शेवटचा आपला ‘बसणे’, संस्कृत ‘उपविश्’पासून आलेला. मधला मात्र मजेशीर आहे: लॅटिन ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’, त्यावरून एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक गाडीला ‘ऑम्निबस’ नाव पडले आणि पुढे लोकांनी त्याचे फक्त शेपूट ठेवले. म्हणजे ‘बस’ हा शब्दच नव्हे, तो नुसता विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘सर्वांसाठी’ यातले ‘सर्वां’ टाकून ‘चला, साठी आली’ असे आपण म्हणू लागावे, तसे ते झाले.

असे का होते, हे एकदा ध्यानात आले की बऱ्याच चुका आपोआप कमी होतात. छोटा शब्द बहुतेक वेळा जन्मतः छोटा नसतो. तो वापरून वापरून झिजलेला असतो, आणि झिजलेले दोन दगड सारखे दिसतात म्हणून ते एकाच डोंगराचे ठरत नाहीत. त्यातच तोंडात मावणारे आवाज मोजके, त्यामुळे एक-दोन अक्षरांत योगायोग होणारच. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’, कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘हो’, आणि सर्बियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नाही’. यांपैकी फक्त सर्बियन ‘ने’ आपल्या ‘न’चा नातेवाईक आहे. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चारही जवळचा आणि अर्थही एकच, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातील म्बाबारम भाषेत कुत्र्याला जवळजवळ ‘डॉग’सारखाच शब्द होता, तोही निव्वळ योगायोग. उलट आपले ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ मुळीच सारखे नाहीत, पण ते एकाच मुळातून फुटलेले आहेत. म्हणून व्युत्पत्ती लावताना आजचा उच्चार पुरावा म्हणून धरू नये. जुने रूप कोशात सापडते का, ते आधी पाहावे. ‘लाजवाब’मध्ये ‘लाज’ शोधणाऱ्यांनी हे केले असते, तर त्यांना अरबी ‘ला’, म्हणजे ‘नाही’, सापडला असता.

शाळेत संस्कृत शिकणाऱ्या मुलांचीही अशीच एक नेहमीची चूक आहे. ‘रामः लक्ष्मणः च’ याचे भाषांतर ते ‘राम आणि लक्ष्मणच’ असे करतात, कारण शेवटचा ‘च’ त्यांना आपला वाटतो. संस्कृतातला ‘च’ म्हणजे ‘आणि’, आणि तो लॅटिन ‘क्वे’चा भाऊ आहे. मराठीतला जोर देणारा ‘च’ प्राकृतातून आला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात निश्चय दाखवणारे शब्द सांगताना ‘चेअ’, ‘चिअ’ यांच्या जोडीला ‘च्च’ नोंदवला आहे. माझ्या त्या सूचनेत दाराशी झालेली गर्दी टाळायला हवा होता तो हाच ‘च’.