रणथंभोरला वाघ पाहायला जाताना: पाण्याच्या आधाराने सफारी कशी आखावी

राजस्थानातल्या सवाई माधोपूरजवळचे रणथंभोर हे अरवली आणि विंध्य या दोन डोंगररांगा जिथे भेटतात तिथले शुष्क पानगळीचे रान आहे. पाऊस बहुतेक सगळा पावसाळ्याच्या तीन महिन्यांत पडून जातो आणि उरलेले वर्ष हे रान तळी, नाल्यांतले डोह आणि खडकांच्या कपारींतले झरे यांच्या भरवशावर काढते. म्हणून इथला बेत आखताना पहिला विचार पाण्याचा करावा. हॉटेल, गाडी, कॅमेरा यांचा विचार त्यानंतर.

मुख्य क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते. ऑक्टोबरात उघडते तेव्हा रान हिरवे आणि दाट असते, पाणी जागोजागी साचलेले असते आणि जनावरे विखुरलेली असतात. रानाची शोभा पाहायची असेल तर हे दिवस उत्तम, पण वाघ दिसण्याचा संभव वाढतो तो मार्चनंतर. तोवर धोक या झाडाची पाने वाळून गळू लागतात. हा धोक आपल्याकडच्या धावड्याचा जवळचा भाऊबंद असून रणथंभोरचे बरेचसे रान त्याचेच आहे. तो निष्पर्ण झाला की उतारावरचे जनावर दुरूनही नजरेस पडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर मार्चचा उत्तरार्ध हा मला सर्वांत सोयीचा काळ वाटतो.

सवाई माधोपूर मुंबई–दिल्ली मुख्य लोहमार्गावर असल्याने महाराष्ट्रातून रेल्वेने जाणे सोपे पडते. सफारीचे आरक्षण राजस्थान सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि आरक्षणात दिलेले ओळखपत्र प्रत्यक्ष बरोबर ठेवावे. सहा जणांची जिप्सी म्हणजे उघडी जीप आणि वीस जणांचा कँटर म्हणजे उघडी मोठी गाडी असे दोन पर्याय असतात. जिप्सी महाग असली तरी ती मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण शांतता राखणे सहा जणांना जमते, वीस जणांना क्वचितच. सफारीसाठी रानाचे दहा विभाग आहेत. पदम तलाव, राजबाग आणि मलिक तलाव ही प्रसिद्ध तळी ३ आणि ४ क्रमांकांच्या विभागांत येतात, म्हणून त्यांना मागणीही मोठी असते. ते मिळाले नाहीत म्हणून जाणे रद्द करू नये. एकाच सफारीवर सगळी भिस्त न ठेवता निदान तीन फेऱ्या, त्याही सकाळ आणि दुपार अशा दोन्ही वेळांच्या, ठेवाव्यात.

कपडे मातकट किंवा फिकट हिरवे असावेत. डिसेंबर-जानेवारीत उघड्या गाडीतला पहाटेचा वारा अक्षरशः हाडांत शिरतो, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे विसरू नयेत. उन्हाळ्यात धुळीसाठी मोठा रुमाल आणि भरपूर पाणी हवेच.

गाडी फाटकातून आत गेली की डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवावेत. वानर वाघ पाहून खाकरल्यासारखा ओरडतो, चितळ तीक्ष्ण शीळ घालते, पण ही दोघे कधी कधी नुसत्या संशयानेही ओरडतात. सांबर मात्र सहसा खात्री पटल्याशिवाय बोलत नाही. त्याचा घुमणारा, एकाच ठोक्याचा आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला, शेपटी ताठ झाली आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला जाऊ लागला, तर गाडी बंद करायला सांगून सांबर ज्या दिशेला टक लावून पाहत आहे त्याच दिशेला पाहावे. वाटेवरच्या मऊ धुळीतले ठसेही बरेच सांगतात. ठसा टायरच्या नक्षीवर उमटलेला असेल तर वाघ शेवटच्या गाडीनंतर इथून गेला आहे. टायरने ठसा पुसला असेल तर तो आधीचा आहे. कडा अजून धारदार असतील आणि आत वाळलेले पान किंवा किड्याची रेघ नसेल तर तो फार जुना नाही, असे समजावे.

एवढे कळल्यावर मनात येते ते गाडी पळवायचे. तिथेच आवर घालावा. मार्गदर्शकाला आधीच नम्रपणे सांगून ठेवावे की आपल्याला धावपळ नको, एखाद्या पाणवठ्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचे आहे. राजबागेच्या काठी असे थांबले की सांबरे पोटापर्यंत पाण्यात शिरून पाणवनस्पती खाताना दिसतात, मगरी काठावर पसरलेल्या असतात आणि मोर दबकत पाणी पितात. तापल्या दुपारी वाघ आला तर तो पुष्कळदा पाठमोरा होऊन, मागचे पाय आधी बुडवत पाण्यात बसतो आणि तोंड कोरडे ठेवतो. २०१६ साली वारलेली मछली ही सुप्रसिद्ध वाघीण याच तळ्यांच्या काठी वावरली आणि मगरींशी झुंजली.

वाघ दिसल्यावर उभे राहू नये, बोलू नये आणि त्याची वाट अडेल अशी गाडी लावण्याचा आग्रह चालकाला कधीही करू नये. पाण्याकडे निघालेला वाघ गाड्यांच्या कोंडाळ्यामुळे तहानलेलाच परत फिरतो, तेव्हा तो त्रास आपल्या पैशाने विकत घेतलेला असतो. वाघ टिकणे किती नाजूक आहे हे राजस्थानातल्याच अलवर जिल्ह्यातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पाने दाखवले आहे. तिथले सगळे वाघ शिकारीमुळे संपल्याचे २००५ साली उघड झाले आणि २००८ पासून रणथंभोरचेच वाघ नेऊन तिथे पुन्हा वसवावे लागले.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत रणथंभोरचा किल्ला आणि वरचे त्रिनेत्र गणेशाचे मंदिर पाहता येते. ही वाट वाघाच्या रानातूनच जाते आणि २०२५ साली या परिसरात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. त्यामुळे एकट्याने चालू नये, मुलांचा हात सोडू नये, वाट सोडून झाडीत शिरू नये आणि ऊन कलायच्या आत खाली उतरावे. वनखात्याने त्या दिवशी वाट बंद ठेवली असेल तर हुज्जत न घालता माघारी फिरावे. वर पोहोचल्यास दुर्बीण जवळ असू द्यावी, कारण तटावरून खालची तळी दिसतात आणि दुपारच्या फेरीत कोणत्या काठावर थांबायचे ते तिथूनच ठरवता येते.